पायांना तेल

वाळपईच्या दवाखान्यात त्या आल्या तेव्हा
जीपचा दुसरा गिअर बसायचा नाही.
डॉ. लीलावती कुंकळ्येकर पुढच्या सीटवर,
मांडीवर लशींचा बर्फाचा डबा,
पायाशी घरची सोलकढी, दुधाच्या बाटलीत.

त्या वर्षी काजूच्या हंगामात
झाडांखाली माकडं मरून पडली.
लोक म्हणाले, देवचार रागावला.
मग ताप आला.
शाणू गांवस, वय एकोणीस, बोंडू वेचायला गेलेला.
नाकातलं रक्त थांबेना.
बांबोळीची वाट दीड तासाची,
मी कधी नव्हे ती गाडी उडवली.
त्या मागे बसलेल्या, त्याची नाडी धरून.
बाणस्तारीच्या पुलावर म्हणाल्या,
"हळू चालव आता."
मी आरशात पाहिलं नाही.

वर्षभराने त्यांनी केसपेपर लिहिणं सोडलं,
पणजीत मोठी खुर्ची घेतली.
गावात म्हणाले, हाताला गुण होता, गेली.
मलाही तसंच वाटलं, खोटं का बोलू?
माझी बदली त्यांनीच करून घेतली, तरीही.

कांपालच्या खोलीतून मांडवी दिसायची,
त्या तिच्याकडे पाठ करून बसायच्या.
समोर भिंतीवर तालुक्यांचा नकाशा,
मेलेल्या प्रत्येक माकडाला एक लाल टाचणी.
एका पी.ए.ने विचारलं,
"माकडं मत देतात का, मॅडम?"
त्या हसल्या नाहीत.
"माकड आधी सांगतं," म्हणाल्या, "माणूस मागाहून."
फाइल वनखात्यात गेली, पशुसंवर्धनात गेली,
परत आली तेव्हा तिच्यावर चहा सांडलेला.
कोणाचा, ते कळलं नाही.

पण पुढच्या मार्गशीर्षात, मोहोर धरायच्या आत,
देवळाच्या मंडपात टेबल मांडलं.
सुई बघून लोक पांगू लागले,
तेव्हा त्यांनी स्वतःची बाही वर केली.
"जळतं हां," मोठ्याने म्हणाल्या,
"आज रात्रभर जळेल. खोटं सांगणार नाही."
त्यावर बायका थांबल्या.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, समई.
भाषणात आकडे. त्यातले दोन चुकीचे,
त्यांनी चिठ्ठी पाठवून दुरुस्त करवले.
गाडीत बसल्यावर म्हणाल्या,
"घरी नको. सत्तरीत घे."

शाणूची आई अंगणात बिया वाळवत होती.
डोळ्यांत मोतीबिंदू, ओळख पटली नाही.
पेल्यातून निरो दिला, म्हणाली,
"आधी एक दोतोर बाई यायची गे इथं. बरी होती.
माझ्या पोराचा हात धरून बसलेली.
मग मोठी सायेब झाली.
आता कसली येते ती?"

मी तोंड उघडलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

मग त्या खाली बसल्या,
म्हातारीच्या पोटऱ्या पाहिल्या, घोटे,
बोटांच्या बेचक्या, एकेक उघडून,
गोचीड शोधावी तशा.
"रानात जाताना तेल लावतेस ना?"
"लावते तर! सगळीच लावतात.
कोणी सांगितलं, देव जाणे.
गावात पडलीय ती रीत."

परतताना त्यांनी काच खाली केली,
बोंडूंचा आंबूस वास आत येऊ दिला.
होंड्यापर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाल्या,
"निरो गोड होता, नाही?"