वीस मिनिटं

आमच्या रजिस्टरात एक रकाना आहे :
‘दवाखान्यात येण्याआधीचे उपचार’.
पहिली काही वर्षं मी तिथे लाल शाईनं लिहायची, ‘मांत्रिक’.
पुढे, किती तास गेले ते.
दोनदा त्या तासांपुढे
काही लिहायचं उरलं नाही.

आता तोच घेऊन येतो त्यांना.
दसरू कोवे, साठीच्या पुढचा,
भाच्याच्या मोटारसायकलवर मागे,
मधे पेशंट, बांधीतल्या चिखलासकट.
दंडावर बॉलपेननं चावल्याची वेळ.
हे मी शिकवलं त्याला.
मंत्र मात्र चालूच असतो, चौदा किलोमीटर.
तो थांबव म्हणाले नाही.
त्या आवाजाला धरून पोरं
जागी राहतात, हातपाय झाडत नाहीत.

रोवण्याचे दिवस. रात्रीचा सव्वा वाजलेला.
“परड हाय,” तो म्हणतो, “दात पाहा.”
मी रक्त काढते, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली,
आणि उभी करून ठेवते.
वीस मिनिटं हात लावायचा नाही.
गोठलं तर बरं.
सलाईन लावून झालं, डॉक्टरांना उठवून झालं,
तरी वीसातली तेरा उरतात.
तो नळीकडे बघत पुटपुटतो.
मी घड्याळाकडे.
ओठ माझेही हलत असतात,
सेकंद मोजत होते म्हणा.

नळी आडवी केली.
पाण्यासारखं वाहिलं.

फ्रीजमधून दहा बाटल्या काढल्या.
“कायचं औषद हाय हे, बाई?”
घोड्याच्या रक्ताचं, म्हटलं.
त्याला थोडं थोडं विष टोचतात,
त्याचं रक्त लढायला शिकतं,
ते आपण उसनं आणतो.
दसरू बराच वेळ गप्प.
मग हसला, माझ्यासमोर पहिल्यांदाच :
“आमी पिढ्या झाल्या, देवाले मातीचे घोडे वाह्यतो.
कायले वाह्यतो, थे कोनी सांगतलं नोयतं.”

तसं नाही रे ते, म्हणणार होते.
पण थेंब मोजायचे होते.

पोरगा चौथ्या दिवशी चालत घरी गेला.
त्या रकान्यात काय लिहावं, सुचेना.
‘वेळेत आणलं’ लिहिलं, निळ्या शाईनं.

फ्रीजवर आता एक मातीचा घोडा असतो,
एक कान तुटका.
तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय?
तापमानाचा तक्ता उडतो, सर, म्हटलं,
पंखा फार जोरात फिरतो.