पाऊणकी

उलव्याच्या त्या प्लॉटवर तेव्हा नुसत्या खुंट्या होत्या,
लाल टोकांच्या,
आणि माझ्या लॅपटॉपवर सात टॉवर.
घरं सहाशे बारा. घरटी माणसं पाच धरायची,
माणशी पाणी एकशेपस्तीस लिटर,
त्यातलं ऐंशी टक्के परत येतं
आंघोळीचं, भांड्यांचं, पहाटेच्या फ्लशचं.
ज्यांनी अजून बुकिंगही केलं नव्हतं
त्यांचा मैला मी मोजत बसले होते.

मैल्याला उतार लागतो. दीडशेला एक.
कमी दिला तर घाण बसून राहते,
फार दिला तर पाणी पुढे पळतं, घाण मागे उरते.
बरोबर निघालेले दोघं बरोबर पोचले पाहिजेत,
एवढंच या शास्त्राचं म्हणणं.
पण जमीन सपाट, आणि पाइप चालत चालत खोल जातो;
तिसऱ्या टॉवरपाशी तो
भरतीच्या रेघेखाली गेला.

पावसाच्या पाण्याचं वेगळं.
ते कुणाचंच नसतं,
म्हणून जो तो शेजाऱ्याकडे ढकलतो.
मला ते थांबवून ठेवायचं होतं:
गच्चीवर जरा वेळ,
रस्त्याकडेच्या गवती चरात जरा वेळ,
मग तळ्यात, खाडी उतरेपर्यंत.
तळ्याच्या जागी नकाशात क्लबहाऊस होतं.

जोमा घरत सायकल टेकवून बघत होते.
"काय शोधतंस, बाय?"
"पाण्याची वाट."
"ती हितंच व्हती. हितं उघाडी व्हती आमची."

बांधातलं लाकडी दार.
खाडी चढली की तिच्याच जोरानं मिटायचं,
उतरली की शेतातलं पाणी त्याला ढकलून बाहेर.
ना कुलूप, ना वॉचमन.
माझ्या यादीत तेच होतं, पान अकरावर:
फ्लॅप व्हॉल्व्ह, बिडाचा, नऊशे व्यासाचा, नग दोन.

"पाऊणकी येते का?"
नव्हती येत.
"आज तिथी कंची?"
मोबाइलमध्ये बघून सांगितली. दशमी.
"धा पाऊणे साडेसात. साडेसाताला भरती."
तक्त्यात सात एकेचाळीस होती.
जोमा अकरा मिनिटांनी चुकले.
आमचं क्लबहाऊस एक मीटर वीसनं.

मीटिंगमध्ये शहाडेसाहेबांनी विचारलं,
तळं विकता येतं का हो?
मी म्हटलं, लेक व्ह्यू म्हणा.
चौरस फुटाला दीडशे चढले,
आणि माझं तळं बसलं,
जिथे ते आधीपासून होतं.

चौथ्या आवृत्तीत खाली टीप टाकली:
चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही.
सफाई यंत्रानं, वरून.
कुणीतरी पेन्सिलीनं शेजारी लिहिलं, खर्च?
मी टीप खोडली नाही. ठळक केली.

मग शेवटची लेव्हल घ्यायला गेले तेव्हा
कुंपणाकडेला पत्र्याच्या खोल्या.
नकाशात त्या तुटक रेघांत होत्या, 'तात्पुरते'.
मुकादम गुरप्पा म्हणाला, एकशेचाळीस माणसं,
बायकापोरं धरून जास्त.
त्यांच्या मोरीतून निघालेला एक काळा ओघळ
चिखलातून वळण घेत गेला होता
थेट उघाडीच्या खड्ड्याकडे.
कुणी आखून दिला नव्हता.
माझ्याआधी त्याला उतार सापडला होता.

मी स्टाफ तिथे उभा करायला सांगितला.
पोरगा म्हणाला, मॅडम, हे ड्रॉइंगमध्ये नाही.
धर म्हटलं.
आकडा घेतला, वहीत लिहिला,
बेरजेत एकशेचाळीस मिळवले,
आणि 'बायकापोरं' पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं,
उद्या मोजायचं म्हणून.

परतताना गाडीत घोकत होते,
एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड,
तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन.
पाचापाशी अजून अडते.