हजेरीपट

पांगरखेडच्या मिशन शाळेचं कपाट उघडलं
तेव्हा आधी वाळवी बाहेर आली, मग वास,
मग एकोणीसशे अठराचा हजेरीपट.
निवृत्तीला आठ दिवस उरलेली मुख्याध्यापिका मी,
डेडस्टॉकची यादी करत बसलेली.

मिस हॅरिएट लडलो. कुठल्याशा ओहायोची.
गावानं पहिल्याच आठवड्यात तिला लाडूबाई केलं,
तीही त्या हाकेला ओ देऊ लागली.
वाशीमहून बैलगाडीनं आली होती, म्हणे,
बाजाची पेटी, दोन ट्रंका आणि पृथ्वीचा गोल घेऊन.
उतरल्या उतरल्या सरकीच्या ढिगात हात घालून
विचारलं, हे बी आहे की कचरा?
आजी हे सांगताना दर वेळी हसायची.
"मंग मीनं सांगतलं, बी हाय बाई, पण ढोराईले घालतेत."

पोरी मिळाल्या त्या अशा:
दुष्काळानं सोडलेल्या, सासरनं टाकलेल्या,
आणि गावकुसाबाहेरच्या, ज्यांना गावची शाळा
पडवीतही बसू देत नव्हती.
तिनं रॉकेल लावून उवा काढल्या,
पाटी दिली, झगा दिला,
आणि नावं काढून घेतली.
पुंजीची फीबी झाली. सारजीची सारा.
रात्री जात्यावर बसल्या की पोरी
एकमेकींना जुन्याच नावानं हाक मारायच्या,
हळू, चोरून चिंच खाल्ल्यासारखं.

मग मानमोडी आली.
वर्गातल्या तरटांवर तापानं फणफणलेल्या पोरी,
हजेरीपटात गैरहजेरीच्या खुणा ओळीनं,
मग खुणाही नाहीत, नुसती आडवी रेघ.
अकरा रेघा.
मिसनं माळ्याबरोबर स्वतः कुदळ धरली,
खोक्यांच्या फळ्यांवर डांबरानं नावं लिहिली.

महिन्यानं सारजीची माय आली, दारव्ह्याकडून पायी,
ओच्यात तुरीच्या ओल्या शेंगा,
पोरीला आवडायच्या म्हणून.
तिला कुणी कळवलंच नव्हतं, की कळलं होतं
तरी शेंगा आणल्या, आजीला नक्की आठवत नव्हतं.
फळ्यांच्या ओळीतून चालत गेली. वाचता येत नव्हतं.
"माही कोनती?"
मिसनं बोट दाखवलं. "सारा."
बाई म्हणाली, "हे नोहे. माही सारजी."
आणि पुढच्या फळीकडं पाहू लागली.

त्या दिवशी लाडूबाई प्रार्थनेला आली नाही.
रडली का गं, मी विचारायची.
"मले काय मालूम? दार लावेल व्हतं."

हजेरीपटाला मालूम आहे.
डिसेंबरपासून शाई बदलते.
इंग्रजी नावांखाली, जागा नसताना कोंबलेली
कुबड आलेली बाळबोध अक्षरं,
प्रत्येकीला विचारून लिहिलेली:
गोदि. ठकि. वेनू.
पंधराव्या ओळीत, पूंजि.

मी तिला संत करणार नाही.
त्यानंतरही संबळ वाजला की ती खिडक्या लावायचीच,
पोळ्याला पोरींना बाहेर सोडायची नाही.
देणगीच्या पत्रासोबत माझ्या आजीचा फोटो
तिनं समुद्रापार धाडला:
हिचा वर्षाचा खर्च, पंधरा डॉलर.
त्या पंधरा डॉलरांत आजी व्हर्नाक्युलर फायनल झाली,
आजीच्या पगारात आई शिकली,
आणि मी ही इथं, नाकावर चष्मा.

पु ऱ्हस्व, जी दीर्घ.
या एका चुकीपायी चौतीस वर्षं
मी पोरांचे अर्धे अर्धे गुण कापत आले.
लाल पेनाचं टोपण निघालंही होतं, सवयीनं.
परत लावलं.
यादीत लिहिलं: हजेरीपट, नग एक, जीर्ण.
शेऱ्याच्या रकान्यात:
घरी नेला.