फेरिटिन

तोइवो नीएमी, वय एकसष्ट, अस्टोरियाचा.
चाळीस वर्षं सॅमनच्या बोटीवर.
म्हणाला, "मार्लिस, धक्क्याच्या पायऱ्या चढवत नाहीत गं,
आणि ही दोन बोटं, इथे, मुळाशी, दुखतात."
मी नाडी पाहिली, जीभ पाहिली,
खालची पापणी ओढून पाहिली.
हात आपसूक वरच्या फळीकडे गेला :
नेटलची वाळकी पानं, लोहासाठी, रोज दोन कप.
थकल्या माणसाला माझ्या आईनेही हेच दिलं असतं.

बरणी खाली घेतली, आणि का कोण जाणे,
तशीच पोटाशी धरून म्हटलं,
"आधी रक्त देऊन ये."
तो हसला. "सुई चुकवायलाच तर तुझ्याकडे येतो."

गुरुवारी फॅक्स आला. कागद अजून कोमट.
एक हजार एकशे चाळीस.
मी चष्मा पुसला. आकडा तोच.
लोह कमी नव्हतंच,
लोह साचत होतं, यकृतात, सांध्यांत,
बोटीच्या तळाशी गंजाळ पाणी साचावं तसं, आवाज न करता,
आणि मी वरून दोन कप ओतणार होते.

आता दर पंधरवड्याला इस्पितळात
त्याचं अर्धा लिटर रक्त काढून टाकतात.
"शेवटी जळवांवरच आलात की!" तो म्हणतो.
काल सेल्माने दारात थांबून विचारलं,
पोरांचंही तपासायचं का?
मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या.

बरणी परत फळीवर आहे.
झाकणावर पट्टी, माझ्याच अक्षरात :
आधी विचार.