चिमणी शोधताना

एकेचाळीस हजार फोटो, चार हार्ड डिस्क
आणि नागपुरातला मे.
कूलर खिडकीत धडधडतोय. लॅपटॉप मांडीवर ठेववत नाही,
पाटावर मांडलाय, पूजेच्या चोपडीसारखा.

निखिलेश ठवकर बर्डीवरून येतो,
डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला.
ताकाचा पेला एका दमात संपवतो
आणि तीन सॉफ्टवेअर टाकून देतो, तीस-तीस दिवसांच्या बोलीवर.
"वापरून पाहा काका. स्थळ पाहिल्यासारखं."

पहिलं देखणं. महिन्याचं भाडं मागतं.
म्हणजे मीच टिपलेली पहाट मीच बघायची, भाडं भरून,
आणि पेन्शन लांबली की खिंडसीचा तलाव कुलूपबंद?
"तलाव राहते काका. फक्त हात लावता येत नाही."

त्यात एक बटण आहे, आभाळ बदला.
दाबलं.
आमचं पांढरं, राखेचा हात फिरलेलं आभाळ गेलं,
झिल्पीवर कुठल्याशा थंड देशाचे ढग आले.
पाण्याला मात्र कुणी कळवलं नव्हतं,
ते जुनंच आभाळ धरून बसलं होतं.

दुसरं हिशेबी.
म्हणालं, सतरा फोटो सारखे आहेत, एक ठेवा.
सारखे?
रामटेकच्या गडावरून, दर मिनिटाला एक.
नवव्यात बगळा आहे, मोहरीएवढा, डाव्या कोपऱ्यात.
अकराव्यात नाही.
दहाव्यात आहे की नाही यावर
मी आणि उइके मनसरपर्यंत भांडत आलो होतो.

धुकं काढ म्हटलं, त्याने काढलं,
आणि देवलापारच्या फोटोतून
मोहाखाली पाला जाळल्याचा धूरही गेला.
उरले नुसते डोंगर, आंघोळ घालून उभे केलेले.

मग कोराडी.
तलावापलीकडे ओळीने चिमण्या.
निखिलेशने ब्रश उचलला.
"ह्या खोडतो, फोटो साफ होते."
राहू दे, म्हटलं.
"काहून? सिनरी आहे ना हे?"
एकतीस वर्षं बॉयलरवर होतो मी.
त्यातल्या एकीचा धूर बघून
कुठला कोळसा आलाय ते सांगायचो.
हे बोललो नाही. म्हटलं, ताक घे अजून.

तो गेल्यावर तिघांनाही एकच शब्द दिला, चिमणी.
पहिल्याने पाखरं आणली,
गोरेवाड्याच्या तारेवरची, पंख फुगवलेली.
दुसऱ्याने विचारलं, तुम्हाला चिमूर म्हणायचंय का?
तिसरं करड्या रंगाचं, फुकटातलं,
कुणीतरी हौसेने रचलेलं, नाव माझ्या ध्यानात राहत नाही.
ते म्हणालं, काही सापडलं नाही.
तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

खरंच होतं.

तेव्हापासून रोज साठ फोटो.
तारीख, गाव, सोबत कोण.
एकाखाली लिहिलं, उइकेचा चष्मा पाण्यात पडला तो दिवस.
शलाका पुण्याहून विचारते, बाबा, ठरलं का एकदाचं?
चालू आहे, म्हणतो.
एकेचाळीस हजार भागिले साठ,
हा भागाकार मी करत नाही.

काल पुन्हा चिमणी शोधली.
तारेवरची आली,
आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच चौकोनात, कोराडीची.
तेवढ्यात वीज गेली.
कूलर थांबला.
पडद्यावर दोघी तशाच,
बॅटरी चौदा टक्के.