झीज

बारा मिलिमीटरची पिन.
एका अंगाने अजून बारा,
दुसऱ्या अंगाने अकरा पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.
फडक्याने पुसून पुन्हा मोजली. तेवढीच.
भोसरीत सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तू मोजते
आणि बसत नाहीत त्या बाजूला काढते,
लाल खडूची फुली मारून.
ही माझी होती. खडू खिशातच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी बाणेरच्या एका मुलाने विकली,
जर्मनीला निघाला होता, घाईत.
पुढे शॉक, मागे शॉक,
मधे म्हशीच्या फऱ्यासारखा दणकट सांगाडा.
बोनस गेला, भिशी गेली.
तळमजल्यावरचे खासनीस म्हणाले, एवढ्यात स्कूटर आली असती.
आली असती.
मग फळ्यावर नोटीस लागली:
जिन्यात सायकली लावू नयेत.
अनेकवचन आदरार्थी असावं,
सायकल एकच होती.
तेव्हापासून ती आमच्या बेडरूममध्ये, कपाटाला टेकून.
नवरा अंधारात तिला अडखळतो
आणि सॉरी म्हणतो.

मागच्या शॉकमध्ये हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनाने.
किराण्याच्या वहीत, शेवटच्या पानापासून उलटं,
मी तारीख आणि आकडा लिहीत आले.
एकशे साठ. एकशे साठ.
एकशे सदुसष्ट (दिवाळी).
चिकुनगुनियाच्या साली एकशे अडतीस
आणि पुढे अडीच महिने कोरे.
नंतर वाकड्या अक्षरात: एकशे बेचाळीस,
तळजाई, फक्त पहिल्या चढापर्यंत.
डॉक्टरांच्या फायलीत याहून कमी आहे.

वेताळ टेकडीवरून खाणीच्या अंगाने उतरताना
मुरूम सुटतो, मधेच काळा दगड गुडघाभर वर येतो,
गिरिपुष्पाच्या पाकळ्यांखाली काय आहे ते चाकालाच कळतं.
मागचं चाक दगड चढतं, दबतं, जागेवर येतं.
माझ्या पाठीला फक्त बातमी पोचते.
शिव्या खालच्या खाली जिरतात.
माझी थोरली जाऊ अशी होती.
तिला कुणी मोजलं नाही.

दसऱ्यापासून कुरकुरायला लागली.
मॉडेल बंद झालेलं, पिन कुठे मिळेना.
रस्ता पेठेत बागवानचाचा म्हणाले,
ताई, आता नवी घ्या, कार्बनची,
एका बोटावर उचलाल.
चाचा, मला उचलायची नाहीये,
बसायचंय.

शेवटी आमच्याच येशुदास मिसाळने,
शनिवारी शिफ्ट सुटल्यावर, लेथला कांब लावली.
निळसर चुरा वेटोळं घेत पडत राहिला.
किती ठेवू?
बारा. अधिक काही नको, उणे एक शतांश चालेल.
मॅडम, सायकलला एवढं?
मी उत्तर दिलं नाही.
त्याने ताशी एक वडापाव या दराने दोन घेतले
आणि जुनी पिन मागून घेतली,
कशाला ते सांगितलं नाही.

रविवारी सहाला पाषाणकडून चढले.
वर एक टोपीवाले आजोबा चालता चालता थांबून म्हणाले,
हिला दोन स्प्रिंगा कशाला?
म्हटलं, एक माझी.
त्यांना पटलं असावं, कारण पुण्यात
न पटलेला माणूस इतक्या लवकर पुढे जात नाही.

उताराला लागले. सायकल गप्प.
कितीतरी दिवसांनी टायरखालची खडी ऐकू आली,
झुडपात तित्तिर,
खाली कुठेतरी रिव्हर्स घेणारा टेम्पो.
आणि मग सपाटीवर, पेडल मारताना,
कुर्र.
दर फेऱ्याला एकदा, ठरल्या जागी.
उतरले. पिन चाचपली. घट्ट, कोरडी, थंड.
पुन्हा बसले, पुन्हा कुर्र.
तेव्हा कळलं, हा उजवा गुडघा,
माझा.
किती दिवस तिच्या आवाजाआड बोलत होता कोण जाणे.

घरी येऊन वहीत लिहिलं:
एकशे बावन्न. पिन नवी.
पुढच्या ओळीवर नुसतं ‘गुडघा’,
आणि आकड्याची जागा मोकळी.