हाकेचं रूप

हे नाव आमच्या बेटावर गलबतातून आलं.
उत्तरेकडचे लोक. आधी त्यांनी मठ लुटले,
मग मेंढ्या पाळल्या, मग आमच्याच मुली केल्या
आणि म्हातारपणी इथल्याच पीटच्या धुरात
पाय शेकत बसले.
मागे राहिली खाड्यांची नावं, टेकड्यांची नावं,
आणि हे एक, माणसाचं :
तोर्मोद.
थॉरचं काळीज. गडगडाटाच्या देवाची धमक.

पाद्रीबुवांना हे कुणी सांगितलं नाही.
रविवारच्या चहाचं पाणीसुद्धा आम्ही शनिवारी भरतो,
दोरीवर एक मोजा विसरला तर आठवडाभर बोलणी.
आणि त्याच रविवारी तिसऱ्या बाकावर
ताठ कॉलर घालून बसलेले असतात
चार तोर्मोद :
काळा, मागावरचा, इयानचा,
आणि धाकटा तोर्मोद, ज्याच्या थोरल्या भावाचंही नाव तोर्मोदच,
कारण दोन्ही आजोबांचं तेच होतं
आणि कुणालाच नाराज करायचं नव्हतं.

मी नोंदणी-कारकून. एकतीस वर्षं.
माझ्या वहीत यातला एकही नाही.
माझ्या वहीत नॉर्मन आहेत.
आधीच्या कारकुनानं तसं लिहिलं, त्याच्या आधीच्यानंही.
दोन नावांत नातं म्हणाल तर
बंदरावर शेजारी बांधलेल्या दोन होड्यांइतकं.
जन्माला नॉर्मन, लग्नाला नॉर्मन,
घरी जेवायला मात्र दुसराच कुणी यायचा.

मार्चमध्ये किर्स्टी माक्-आस्किल आली,
शालीत बाळ, बुटांवर मीठ.
तिच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला सात आठवड्यांपूर्वी मीच दिला होता.
तो तिनं टेबलावर ठेवला, उघडा, माझ्याकडे तोंड करून.
म्हणाली, "हा नॉर्मन बुडाला म्हणता.
बुडाला असेल. मी त्याला ओळखत नाही.
माझा माणूस अजून घरी आलेला नाही."

मी शाईची बाटली उगाच हलवली.

आमच्या भाषेत नाव असतं एक
आणि हाक मारली की होतं दुसरं.
दारात उभं राहून कुणी तोर्मोद म्हणत नाही.
म्हणतात, अ होरोमिज!
पुढचा त गळून पडतो,
त्याच्या जागी नुसता श्वास,
काचेवर धुकं धरावं तेवढा.
इतके दिवस ती संध्याकाळी दारात जायची,
हे सगळं गाव जाणून होतं.
गावानं पडदे ओढून घेतले होते.

"याचं नाव?" मी विचारलं.
विचारायची गरज नव्हती. बुडालेल्याचं नाव
आमच्याकडे कोरडं व्हायच्या आत पुढे जातं.
"लिहा," ती म्हणाली. "घरी म्हणतो तसं."

आता सांगतो, जे मी वरिष्ठांना कळवलं नाही :
मला लिहिता येत नव्हतं.
ज्या भाषेत मी शिव्या देतो, स्वप्नात पडतो,
मेंढीला हाकतो, प्रार्थना म्हणतो,
ती भाषा शाळेत माझ्या तोंडातून छडीनं काढली होती.
हाताशी ती आलीच नाही कधी.
मी जसं ऐकलं तसं उतरवलं, सावकाश,
आणि शेवटी द ऐवजी लावला त.
शाई वाळेपर्यंत ती बघत राहिली.
तिलाही वाचता येत नव्हतं ते.

चूक पुढे कळली. किर्स्टीच्या सासऱ्याच्या बायबलात,
पहिल्या कोऱ्या पानावर, बरोबर नाव होतं,
दर पिढीला एकदा. मी दुरुस्ती-अर्ज घेऊन तिच्याकडे गेलो.
ती म्हणाली, राहू दे. याला तरी कळेल,
आपण नेमके कितवे.

तो आता चौतिसाचा. हॅलिफॅक्सच्या गोदीत क्रेन चालवतो.
तिकडचे लोक त्याला टॉम म्हणतात.
नाताळला मला कार्ड येतं, आत दोनच ओळी,
हवा आणि कोळंबीचे भाव,
आणि खाली सही, पूर्ण,
माझ्या त सकट.